स्पर्धेच्या नाटकासाठी पहिली ऑडिशन : उतारा कोणता घ्यावा आणि तयारी कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ३१, सांगलीत बँकेत नोकरी, कॉलेजनंतर रंगमंचावर पाऊल ठेवलेलं नाही. गावातली एक हौशी संस्था राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसवते आहे आणि दोन आठवड्यांनी निवड आहे. दोन मिनिटांचा उतारा पाठ करून यायला सांगितलं आहे. कोणतं स्वगत घेऊ, आवाज लहान आहे त्याचं काय करू, आणि बोलण्यातल्या 'न-ण'मुळे बाद होईन का?

या तिन्ही प्रश्नांमागे एकच समजूत आहे, की ही अभिनयाची परीक्षा आहे आणि जो उत्तम करून दाखवेल तो पास. हौशी नाटकाची निवड तशी होत नाही. दिग्दर्शकाच्या डोक्यात त्या वेळी वेगळे प्रश्न असतात. या माणसाला सूचना दिली तर याच्यात बदल होतो का? समोरचा बोलत असताना हा ऐकतो का? मागच्या रांगेपर्यंत याचं वाक्य पूर्ण पोचतं का? आणि पुढचे ४०-४५ दिवस हा रोज संध्याकाळी येईल का? या चार गोष्टी असल्या की अभिनय तालमीत वाढवता येतो. त्या नसल्या तर सुरेख पाठ केलेलं स्वगत फारसं उपयोगी पडत नाही. म्हणून तयारीतला अर्ध्याहून कमी वेळ उताऱ्याला द्या आणि बाकीचा पुढच्या गोष्टींना.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी फोन करून विचारा. नाटक कोणतं, कोणत्या भूमिका खरोखर मोकळ्या आहेत, तालमी कुठे आणि किती ते किती, प्राथमिक फेरी कोणत्या केंद्रावर, अंतिम फेरीत गेलो तर प्रवासाचं काय. भूमिकांचं विशेष स्पष्ट विचारा. स्पर्धा करणाऱ्या बहुतेक संस्थांचा नटसंच मुरलेला असतो. मुख्य दोन-तीन भूमिका आधीच ठरलेल्या असतात आणि निवड उरलेल्या तीन-चार भूमिकांसाठी असते. यात लबाडी नाही. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत दरवर्षी उतरणाऱ्या संस्थेला आपल्या माणसांचा भरवसा हवा असतो. पण मोकळी भूमिका साठीच्या काकांची असेल, तर तुमची तयारी त्या दिशेने व्हायला हवी.

पैशांचंही तेव्हाच विचारा. निवडीसाठी कोणी फी मागत असेल तर जाऊ नका. हौशी संस्थेत सभासद वर्गणी असू शकते, मानधन बहुधा नसतं. दोन्ही आधी कळलं पाहिजे. निवड आणि तालीम शाळेच्या वर्गात, वाचनालयाच्या हॉलमध्ये, अशा चार माणसांच्या वावरातल्या जागी होतात. कोणी एकट्याला घरी किंवा लॉजवर बोलावत असेल तर ते नाटकाचं काम नव्हे. हे वाचणाऱ्या मुलींनी पहिल्या दिवशी सोबत कोणाला तरी न्यावं. कुठल्याही चांगल्या दिग्दर्शकाला त्यात गैर वाटत नाही.

आता उतारा. गाजलेल्या नाटकातलं, सगळ्यांना पाठ असलेलं म्हाताऱ्या नटाचं किंवा राजाचं स्वगत घेऊ नका. ऐकणाऱ्यांच्या कानात त्याचा मूळ आवाज बसलेला असतो आणि नकळत तुम्हीही त्याचीच नक्कल करता. सिनेमा-मालिकेतला संवादही नको, तो कॅमेऱ्याच्या जवळून बोलण्यासाठी लिहिलेला असतो. कविता नको. स्वतः लिहिलेलं नको, कारण मग लक्ष लिखाणाकडे जातं. दारुडा, वेडा आणि मरणारा माणूसही टाळा. या तिन्हींत बाह्य खुणा इतक्या सोप्या असतात की तुम्ही कोण आहात हे दिसतच नाही.

घ्यायचं ते असं : पात्राचं वय तुमच्या वयाच्या आसपास, फार तर पाच-सात वर्षं इकडे-तिकडे. पात्र कोणाशी तरी बोलतं आहे, हवेत चिंतन करत नाही. त्याला समोरच्याकडून काहीतरी हवं आहे : परवानगी, माफी, पैसे, एक होकार. आणि उताऱ्याच्या मध्ये कुठेतरी त्याचा डाव बदलतो. गोडीने मिळत नाही म्हणून तो धमकावतो, किंवा चिडून झाल्यावर विनवतो. असा एक बदल असला की दीड मिनिटात तुमच्या दोन बाजू दिसतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत रडणं किंवा ओरडणं असेल तर एकच दिसते, आणि तीही तिसाव्या सेकंदाला जुनी होते.

मापाचं सांगतो. रंगमंचावरची मराठी मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्दांच्या वेगाने जाते. दोन मिनिटं म्हणजे २२० शब्द असं गणित करू नका, कारण थांबे आले की वेळ वाढतो. १७० ते १८० शब्दांचा उतारा घ्या. नगर वाचनालयात नाटकांचं कपाट बहुधा असतंच. तिथे बसून पाच-सहा नाटकं चाळा आणि निवडलेलं नाटक पूर्ण वाचा. 'याच्या आधी काय झालंय?' हा प्रश्न हमखास येतो आणि फक्त उतारा पाठ करून आलेला माणूस तिथे अडकतो. दोन माणसांच्या प्रवेशातून समोरच्याची वाक्यं काढून सलग भाषण केलंत तरी चालेल, मात्र 'काय म्हणालास?', 'नाही म्हणतोस?' असे नुसते जोडसांधे उरू देऊ नका. मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापून दोन प्रती न्या.

पाठांतराची पद्धत महत्त्वाची आहे. बहुतेक जण पहिल्या दिवसापासून भावनेसकट पाठ करतात. त्यामुळे शब्दांबरोबर एक चाल बसते आणि ती पुढे सुटत नाही. दिग्दर्शकाने वेगळं करायला सांगितलं की शब्द तरी विसरतात किंवा तीच चाल पुन्हा येते. म्हणून आधी कोरडं पाठ करा. सपाट, भरभर, भाजी चिरताना, गाडी पुसताना. शब्द हात चालू असतानाही न अडखळता येऊ लागले की मगच अर्थाकडे वळा. मग तोच उतारा तीन परिस्थितींत म्हणा. एकदा शेजारच्या खोलीत आजारी माणूस झोपलाय असं समजून, एकदा शेवटची एसटी सुटायला तीन मिनिटं उरली आहेत असं समजून, आणि एकदा समोरच्याचा आपण आधीच अपराध केलाय असं समजून. शब्द तेच, पण थांबे आणि जोर आपोआप सरकतात. निवडीच्या दिवशी यातलं काहीच करायचं नसतं, पण उतारा तुमच्या तोंडात लवचिक राहतो.

ज्याच्याशी बोलताय तो माणूस कुठे उभा आहे हे ठरवून घ्या. परीक्षकांच्या डोक्याच्या किंचित वर, थोडा डावीकडे किंवा उजवीकडे असा एक बिंदू धरा. थेट परीक्षकांच्या डोळ्यांत बघून बोललात तर ते तुमचे सहनट होतात आणि त्यांना निरीक्षण करता येत नाही. विंगेकडे बघून बोललात तर तुमचा अर्धाच चेहरा दिसतो. हालचाल कमीत कमी ठेवा. जमिनीवर लोळणं, गुडघे टेकणं नको. हवी तर एक खुर्ची, बाकी वस्तू नाहीत.

आवाजाबद्दल. लहान आवाज ही समजता तितकी मोठी अडचण नाही, वाक्याचा शेवट गिळणं ही आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही बहुतेकदा शेवटीच. 'मी त्या दिवशी तुझ्याकडे पैसे मागायला आलो नव्हतो' या वाक्यात श्वास संपून 'नव्हतो' विरलं, तर प्रेक्षकाला नेमकं उलटं ऐकू येतं. नवे नट वाक्याची सुरुवात जोरात करतात आणि शेवटी खाली उतरतात. उपाय साधा आहे. उताऱ्यात प्रत्येक लांब वाक्यातल्या शेवटच्या तीन शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा आणि त्यांच्या आधी, अर्थ तुटणार नाही अशा जागी, श्वासाची खूण करा. गच्चीवर किंवा रिकाम्या हॉलमध्ये मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ३० फुटांवर ठेवा, उतारा म्हणा, आणि फक्त रेघ मारलेले शब्द स्पष्ट आलेत का ते ऐका. रोज १५ मिनिटं केलंत तर आठ-दहा दिवसांत फरक ऐकू येतो. गळ्याच्या शिरा ताणून ओरडू नका. घसा बसतो आणि शब्दही अस्पष्ट होतात. नाट्यगृहात माईक असतात, पण लटकवलेला माईक पुटपुटणं सुधारत नाही, तेच मोठं करून ऐकवतो.

'न-ण'चं उत्तर भूमिकेवर अवलंबून आहे. नाटक ग्रामीण असेल, तर तुमचं बोलणं हे तुमच्याजवळचं भांडवल आहे. शहरी नटाला ते महिनाभर शिकवूनही येत नाही. पात्र प्रमाण मराठी बोलणारं असेल तर सुधारणा लागेल, आणि ती जमते. संहितेत प्रत्येक 'ण'भोवती गोल करा : पाणी, कोण, आणि, म्हणून, आपण. हे पाच-सहा शब्द सतत येतात, ते सुटले की निम्मं काम होतं. फक्त उलटी चूक होऊ देऊ नका. सुधारण्याच्या भरात 'मनात'चं 'मणात' झालं तर ते मूळ चुकीपेक्षा जास्त खटकतं. 'च' आणि 'ज'चंही तसंच. 'चोर'मधला च आणि 'चंद्र'मधला च वेगळा, 'जाड'मधला ज आणि 'जीव'मधला ज वेगळा, हे कानाला माहीत असतं, फक्त घाबरून गोंधळ होतो. निवडीच्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या गावचं बोलायला जाऊ नका. कृत्रिम उच्चारात माणूस ताठ होतो, आणि तो ताठरपणा काढायला उच्चार सुधारण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

निवडीच्या दिवशी २० मिनिटं आधी पोचा. साधे, एकरंगी, मांडी घालून बसता येईल असे कपडे घाला. पात्राची वेशभूषा नको. चष्मा लागत असेल तर विसरू नका. आत गेल्यावर नाव, नाटक, नाटककार आणि एका वाक्यात प्रसंग सांगा. मग दोन सेकंद थांबून सुरू करा. 'आज जरा घसा बसलाय', 'तयारीला वेळ नाही मिळाला' हे बोलू नका, कारण त्यानंतर ऐकणारा घशाकडेच लक्ष देतो. मध्येच विसरलात तर आहात तिथेच उभे राहा, ज्याच्याशी बोलताय त्याच्याकडेच बघत राहा आणि पुढचं आठवेल तिथून घ्या. परीक्षकांपाशी तुमची संहिता नसते. वाक्य सुटलं हे त्यांना बहुतेक वेळा कळतही नाही, ओशाळलेला चेहरा मात्र लगेच दिसतो. संपल्यावर क्षणभर त्याच अवस्थेत थांबा.

यानंतर वाचन असतं, आणि हौशी नाटकात निर्णय बहुतेक इथेच होतो. बसवायच्या नाटकातला एक प्रवेश हातात देतात, पाच-दहा मिनिटं बघायला देतात आणि दुसऱ्या नटाबरोबर वाचायला सांगतात. त्या मिनिटांत आपली वाक्यं घोकत बसू नका. पूर्ण प्रवेश वाचा आणि तीन गोष्टी शोधा : या दोघांचं नातं काय, माझ्या पात्राला काय हवंय, आणि ते कुठे मिळतं किंवा हातातून जातं. अडलेला शब्द किंवा न लागलेलं अक्षर विचारून घ्या. झेरॉक्सची झेरॉक्स असलेल्या संहितेत ओळी पुसट असतात, विचारण्यात कमीपणा नाही.

वाचताना कागद छातीच्या उंचीवर एका हातात धरा, अंगठा चालू ओळीवर ठेवा. ओळ डोळ्यांनी उचला, मान वर करा, मग बोला. वेग कमी झाला तरी चालेल. आणि सर्वांत महत्त्वाचं, समोरचा बोलत असताना कागदात बघू नका, त्याच्याकडे बघा. जवळजवळ सगळे नवखे त्या वेळेत आपलं पुढचं वाक्य शोधत असतात. जो मान वर करून ऐकतो तो गर्दीतही वेगळा दिसतो, कारण नाटकात नटाचा निम्म्याहून जास्त वेळ ऐकण्यातच जातो. कंसातल्या रंगसूचना मोठ्याने वाचू नका, आणि 'रडत' लिहिलंय म्हणून लगेच रडूही नका. शब्द मात्र लिहिलेत तसेच म्हणा. स्पर्धेतल्या नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडून, मंजूर झालेली असते. मनाने वाक्य बदलण्याची सवय दिसली की दिग्दर्शक सावध होतो.

मग येते ती सूचना. 'छान. आता हेच रागावर न जाता करा.' किंवा 'तो तुमचा मोठा भाऊ आहे असं समजा.' याच्यासाठी म्हणून मी वर उतारा लवचिक ठेवायला सांगितला. नवखा माणूस इथे हमखास तीन प्रकारे चुकतो. एक, तो पहिलं का तसं केलं ते समजावत बसतो. दोन, मान डोलावतो आणि तेच पुन्हा, थोडं मोठ्याने करतो. तीन, सूचना म्हणजे टीका समजून खचतो. प्रत्यक्षात सूचना मिळणं ही चांगली खूण आहे. ज्याला घ्यायचंच नाही त्याच्यावर कोणी वेळ घालवत नाही.

सूचना मिळाली की एका वाक्यात खात्री करून घ्या : 'म्हणजे तो चिडलाय, पण भावाला कळू द्यायचं नाही, बरोबर?' पाच सेकंद घ्या आणि बदल मोठा करा. घरी सरावासाठी एक वाक्य घ्या : 'तुम्ही जेवून घ्या, माझी वाट बघू नका.' हे काळजीने म्हणता येतं, भांडण संपवायला म्हणता येतं, आणि कायमचं घर सोडताना घरच्यांना कळू न देताही म्हणता येतं. प्रत्येक वेळी घरातल्या कोणाला तरी ऐकवा आणि काय अर्थ लागला ते विचारा. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, तर बदल तुमच्या मनात झालाय, बाहेर आलेला नाही. निवडीत तुमचा बदल चुकीच्या दिशेने गेला तरी हरकत नाही. चुकीचा पण ठळक बदल दिग्दर्शक वळवू शकतो. जिथे हलतच नाही, तिथे त्याला पुढचे ४० दिवस दिसतात आणि तो थांबतो.

नाटक संगीत असेल तर एखादं नाट्यपद किंवा भावगीताचा मुखडा आणि एक अंतरा तयार ठेवा, आणि आपली पट्टी माहीत असू द्या. 'काळी एक' की 'पांढरी चार' हे सांगता आलं की पेटीवाल्याचा आणि तुमचा दोघांचाही गोंधळ वाचतो.

वेळेबद्दल अजिबात संकोच न करता खरं सांगा. बँकेत सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर उशिरापर्यंत थांबावं लागतं, हे त्याच दिवशी कागदावर लिहून द्या. प्राथमिक फेऱ्या साधारण नोव्हेंबरपासून सुरू होतात, म्हणजे सहामाहीची गर्दी नेमकी तालमी रंगात येण्याच्या सुमारास पडते. चार पात्रांच्या प्रवेशात एक जण नसला की बाकी तिघांची संध्याकाळ वाया जाते. 'मंगळवारी आठच्या आधी जमणार नाही' हे आधी कळलं तर वेळापत्रक त्याप्रमाणे बसवता येतं. तिसऱ्या आठवड्यात कळलं तर भूमिका दुसऱ्याला द्यावी लागते. प्रयोगाच्या दिवसाची रजा, आणि केंद्र दुसऱ्या गावी असेल तर प्रवासाचीही, मिळेल का हे साहेबांना आत्ताच विचारून ठेवा.

निवड झाली नाही तर लगेच स्वतःच्या अभिनयावर निष्कर्ष काढू नका. नवरा-बायकोची उंची जुळत नाही, बाप आणि मुलगा एकाच वयाचे दिसतात, दोन मित्रांचे आवाज इतके सारखे आहेत की डोळे मिटले तर कोण बोलतंय कळत नाही, अशा कारणांनी चांगली माणसं रोज वगळली जातात. तिथल्या तिथे कारण विचारू नका. दोन दिवसांनी एक मेसेज पाठवा, 'वाचनात काय सुधारायला हवं ते सांगाल का?' उत्तर आलं तर ते नेमकं असतं.

आणि संस्थेची माणसं आवडली असतील तर प्रॉम्प्टिंगला, म्हणजे नट विसरला तर संहितेतून वाक्य सुचवायला, येऊ का असं विचारा. प्रॉम्प्टर पहिल्या तालमीपासून सगळे प्रवेश, सगळ्या हालचाली आणि सगळ्या दुरुस्त्या ऐकतो. कोणाची बदली झाली, कोणी आजारी पडलं, की दिग्दर्शकाची नजर आधी त्याच्याकडे जाते, कारण नाटक त्याला पाठ असतं. मात्र मनात खंत ठेवून हे काम घेऊ नका. संहितेवरून नजर काढता येत नाही असं ते जबाबदारीचं काम आहे, आणि लक्ष दुसरीकडे असेल तर रंगमंचावरचा माणूस उघडा पडतो.

कोणतं नाटक आहे आणि कोणत्या भूमिका मोकळ्या आहेत हे फोनवर कळलं की इथे लिहा. भूमिकेचं वय आणि बाज समजला तर कोणत्या तऱ्हेचा उतारा शोधायचा हे जास्त नेमकं सांगता येईल.